घरच्या लॅपटॉपवर अँबियंट डब अल्बम: पहिल्या बासपासून रिलीजपर्यंत

सुरुवातीलाच हे पक्कं करून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे: डबमध्ये, म्हणजे रेगेतून निघालेल्या या प्रकारात, मिक्सिंग करता करताच गाणं बनतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी हे काम करत होता, मूळचा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, त्याच्या घरातल्या छोट्या स्टुडिओत बँड बसवायला जागाच नव्हती. दुसऱ्या स्टुडिओंत वाजवून झालेल्या टेप त्याच्याकडे यायच्या आणि तो गाणाऱ्याचा आवाज मध्येच काढून टाकायचा, नुसते ड्रम आणि बास उघडे ठेवायचा, गिटारचा एखादाच फटका इकोत सोडून द्यायचा आणि परत सगळं बंद. एकही नवीन सूर न वाजवता नवीन ट्रॅक तयार. दुसऱ्या बाजूनं ब्रायन इनोनं १९७८ मध्ये 'अँबियंट' हे नाव रूढ केलं, लक्ष देऊन ऐकलं तरी काहीतरी हाती लागेल आणि नाही ऐकलं तरी खोलीत आपलं वाजत राहील असं संगीत. नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये दी ऑर्ब वगैरे मंडळींनी या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या, बर्लिनमध्ये १९९३ पासून बेसिक चॅनेलनं त्यातला टेक्नो रस्ता काढला, व्हिएन्नात क्रूडर आणि डॉर्फमाइस्टरनं संथ, धुरकट डाउनटेम्पो केला. तुम्हाला यातलं जे आवडतं तिकडे झुका, पण 'काढून टाकणं' हा गाभा सगळीकडे तोच आहे.

म्हणून या लेखात मी साउंड बनवण्यापेक्षा इको आणि मिक्स यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवीन लोक नेमकं उलटं करतात, चाळीस ट्रॅक रचतात आणि शेवटी एक डिले (आवाजाचा इको बनवणारा इफेक्ट) टाकून म्हणतात झालं डब.

काय काय लागेल

लॅपटॉप, बरे हेडफोन, एक ऑडिओ सॉफ्टवेअर आणि नॉब-फेडरवाला एक छोटा कंट्रोलर. बस. सॉफ्टवेअरमध्ये एबलटन लाइव्ह या कामाला फार सोयीचं आहे, पण महाग वाटत असेल तर रीपर घ्या, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. सिंथसाठी सर्ज एक्सटी फुकट आहे, रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) आणि डिलेसाठी व्हॅलहॅला सुपरमॅसिव्ह फुकट आहे, आणि या दोघांवर अख्खा अल्बम होतो, खरंच होतो. प्लगिन विकत घेण्याच्या नादात महिनाभर घालवू नका.

कंट्रोलर मात्र टाळू नका. कॉर्ग नॅनोकंट्रोल २ सारखा स्वस्तातला चालेल, त्यावर ८ फेडर, ८ नॉब आणि प्रत्येक चॅनेलला बटणं आहेत, आपल्याला लागतं तेवढंच. माउसनं एका वेळी एकच गोष्ट हलते आणि डबमध्ये दोन हातांना एकाच वेळी दोन वेगळी कामं असतात.

लय आणि आकडेमोड

टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ७० ते ९० च्या मध्ये ठेवा. मी इथं ७५ धरून सांगतो कारण हिशोब सोपा पडतो. ६०,००० भागिले टेम्पो केलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात, म्हणजे ७५ ला ८०० मिलिसेकंद. त्याचा अर्धा ४००, पाऊण ६००. हा ६०० वाला म्हणजे डॉटेड एट्थ, आणि डबमधला तो ठेक्याच्या मधल्या फटीत पडत राहणारा, पुढे ढकलणारा इको बहुतेक वेळा हाच असतो. सॉफ्टवेअर टेम्पोला सिंक करून देतंच, पण आकडा माहीत असला की तुम्ही मुद्दाम थोडं चुकवू शकता, ६०० ऐवजी ५९० ठेवा, इको किंचित घाई करायला लागतो आणि सगळं जास्त जिवंत वाटतं.

बास आधी

बास सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ घेऊन करा. साउंड अगदी साधा: एक साइन किंवा ट्रँगल वेव्ह, वर लो-पास फिल्टर (उंच फ्रिक्वेन्सी कापणारा), अटॅक, म्हणजे सुराची सुरुवात, किंचित गोल. दोन बारची लाइन लिहा आणि त्यात निम्मी जागा रिकामी ठेवा. नवीन माणूस प्रत्येक ठोक्यावर सूर टाकतो आणि मग बास नुसता घरघरत राहतो. तीन-चार सूर पुरतात, पण ते कुठे थांबतात याला सगळं महत्त्व आहे, नोट किती वेळ धरली आणि कुठे कापली यावर अख्खा ट्रॅक डोलतो.

फ्रिक्वेन्सीकडे लक्ष ठेवा. मूळ सूर साधारण ४५ ते ७० हर्ट्झमध्ये पडला तर छान. त्याच्या खाली गेलात तर बऱ्याच स्पीकरवर तो ऐकूच येणार नाही. आणि फोनच्या स्पीकरवर तर मूळ सूर जवळपास नाहीच, तिथे वरचे हार्मॉनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) ऐकून आपला कान बास ओळखतो, म्हणून बासवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हार्मॉनिक वाढवणारी हलकी विकृती, टाका, फार नाही, म्यूट-अनम्यूट करून फरक जेमतेम जाणवेल इतकंच.

ड्रम

रेगेचा वन ड्रॉप शिकून घ्या: पहिला ठोका रिकामा सोडायचा, किक आणि रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा फटका) एकत्र पाडायचे, ७५ नं मोजत असाल तर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, १५० नं मोजत असाल तर तिसऱ्यावर. पहिला ठोका रिकामा असला की बासला तिथे उभं राहता येतं. बर्लिनकडचा साउंड हवा असेल तर टेम्पो १२० च्या आसपास न्या आणि चारही ठोक्यांवर मऊ किक ठेवा, बाकी सगळं तेच. हाय-हॅट हातानं वाजवल्यासारखे थोडे पुढे-मागे करा. ड्रमचं एवढंच, याच्यात फार अडकू नका.

कॉर्ड, आणि तानपुऱ्याबद्दल थोडं सविस्तर

डबचा तो ओळखीचा कॉर्ड म्हणजे एक आखूड फटका: सॉ वेव्ह, मायनर सेव्हन्थ किंवा मायनर नाइन्थ, लो-पास फिल्टर बराच खाली, त्यावर छोटं एन्व्हलप, डिके (विरायला लागणारा वेळ) साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद. कोरडा ऐकलात तर फालतू वाटेल, वाटू दे, तो इकोत पाठवण्यासाठीच बनवलाय. चार बारमध्ये एक किंवा दोनदा वाजवा. फिल्टरचा कटऑफ हातानं हळूहळू वरखाली करत आठ मिनिटं काढता येतात, बेसिक चॅनेलचे ट्रॅक ऐकले की लक्षात येईल की तिथे कॉर्ड बदलतच नाही, बदलतो तो फक्त त्याचा प्रकाश.

आणि कॉर्ड बदलत नाही म्हणूनच आपल्याकडचा तानपुरा इथे इतका फिट बसतो. घरात मिरजेचा तानपुरा असेल, कुणी शिकत असेल, तर सँपल पॅक शोधत बसू नका, तोच रेकॉर्ड करा. पण एक अडचण आहे आणि ती कुठल्याही परदेशी ट्यूटोरियलमध्ये सापडणार नाही. चांगली जवारी लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जाचा पाचवा हार्मॉनिक, आणि तो शुद्ध असतो. तुमचा कॉर्ड मायनर, म्हणजे त्यात कोमल गंधार. दोन्ही एकत्र वाजले की काहीतरी खुपतंय असं वाटतं आणि माणूस उगाच ट्यूनिंग तपासत बसतो. उपाय दोन आहेत. एक, कॉर्डमधून गंधार काढूनच टाका, सा, प, कोमल नि आणि वरचा रे एवढंच ठेवा, कोमल निषाद आणि रिषभ हे तानपुऱ्याच्या हार्मॉनिकच्या जवळ जाणारे सूर आहेत त्यामुळे कॉर्ड त्यात मुरतो आणि मोकळाही वाटतो. दोन, तानपुऱ्यावर लो-पास लावून जवारीची चमक झाकून टाका, पण मग तानपुरा कशाला घेतला? मी नेहमी पहिलाच रस्ता सुचवेन.

सूर लावताना हेही बघा: काळी एक म्हणजे सी शार्प, तो बासमध्ये ३४.६ हर्ट्झला येतो किंवा एक सप्तक वर ६९.३ ला. खालचा बहुतेकांना ऐकू येणार नाही, वरचा घ्या. तानपुऱ्याला १५० हर्ट्झच्या खाली हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) लावून ती जागा पूर्णपणे बासला द्या.

आजूबाजूचे आवाज

अँबियंट अल्बमला जागा लागते आणि ती जागा तुम्ही जिथं राहता तिथलीच असली तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पत्र्यावरचा पाऊस, रात्री रिकाम्या एसटी स्टँडवरचा पंखा, खाडीतल्या होडीच्या लाकडाची कुरकुर, पहाटेच्या लोकलचा लांबून येणारा आवाज. फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका, लेव्हल वरच्या टोकाला -१२ डीबीच्या पुढं जाऊ देऊ नका, आणि एका जागी निदान पाच मिनिटं न बोलता, न हलता उभे राहा कारण दहा सेकंदांचा लूप कान लगेच पकडतो. वारा असेल तर माइकवर फोम हवाच. लोकांचं बोलणं स्पष्ट ओळखू येत असेल तर ते परवानगीशिवाय वापरू नका.

खरखरसुद्धा वाद्य होऊ शकते. जर्मनीच्या श्टेफान बेटकेचा वाल्डॉर्फ कंपनीचा फोर-पोल नावाचा फिल्टर पडून बिघडला आणि तडतडायला लागला, त्यानं तीच तडतड ताल म्हणून वापरली, 'पोल' याच नावानं १९९८ पासून अल्बम काढले. तुमच्याकडे जुना टेपरेकॉर्डर, हम करणारा अँप्लिफायर असं काही असेल तर रेकॉर्ड करून ठेवा.

जुन्या हिंदी-मराठी गाण्याचा तुकडा टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. भारतात साउंड रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पण चाल आणि शब्द यांचा हक्क संगीतकार-गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे रेकॉर्डिंग जुनं असलं तरी बरेचदा गाणं मोकळं झालेलं नसतं. दोन्ही परवानग्या नसतील तर राहू दे. त्यापेक्षा ओळखीच्या कुणाला तरी चार सूर गुणगुणायला सांगा.

इकोची जोडणी

आता महत्त्वाचं. डिले किंवा रिव्हर्ब ट्रॅकवर थेट टाकायचं नाही, दोन वेगळे रिटर्न, म्हणजे इफेक्टचे सामाईक चॅनेल, बनवा, एकावर डिले, दुसऱ्यावर रिव्हर्ब, आणि सगळ्या ट्रॅकवरून तिकडे सेंड, म्हणजे त्या ट्रॅकचा किती आवाज इफेक्टकडे जायचा ते ठरवणारा नॉब. अख्खा अल्बम याच दोन रिटर्नवर करा, त्यामुळं सगळे ट्रॅक एकाच जागेत घडल्यासारखे वाटतात.

डिलेच्या रिटर्नवर टेपसारखा डिले लावा, वेळ ६०० मिलिसेकंद, फीडबॅक (इकोचा किती भाग परत डिलेत फिरतो) ५५ ते ६५ टक्के, आणि फीडबॅकच्या आतच फिल्टर हवेत, खाली २५० हर्ट्झला हाय-पास, वर साडेतीन हजारला लो-पास. कारण असं की टेप इकोत, म्हणजे १९७४ मध्ये आलेल्या रोलँडच्या आरई-२०१ स्पेस इकोसारख्या मशिनमध्ये, प्रत्येक फेरीत आवाजाची धार थोडी झिजते, म्हणून जुने इको मागे मागे जात विरतात. कोरा डिजिटल डिले प्रत्येक वेळी तोच आवाज तसाच फेकतो आणि तीन फेऱ्यांत मिक्स चिखल होतं.

मग डिलेच्या रिटर्नवरून रिव्हर्बला सेंड द्या, म्हणजे इको जसजसा पुढे जाईल तसतशी त्याची खोली मोठी होत जाईल. आणि शेवटचं, डिलेच्या रिटर्नचा सेंड परत त्याच डिलेला. एबलटनमध्ये रिटर्नवरचे सेंड मुळात बंद असतात, राइट क्लिक करून सुरू करावे लागतात, रीपरमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फीडबॅक राउटिंगला परवानगी द्यावी लागते. हा नॉब वर नेला की इको स्वतःलाच खायला लागतो आणि वाढत जातो, तेव्हा त्या रिटर्नवर आणि मास्टरवर आधी लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर रोखणारा) लावा, आणि पहिल्यांदा करून बघताना हेडफोन कानावरून काढून ठेवा. कानाचं नुकसान भरून येत नाही.

हातानं मिक्स

एवढं झालं की तुमच्याकडं आठ चॅनेल असतील: किक, रिम आणि हॅट, बास, कॉर्ड, दुसरा कॉर्ड किंवा मेलडी, तानपुरा, आजूबाजूचे आवाज, खरखर. याहून जास्त नको. रेगे-डबचा निर्माता ली पेरीनं १९७३ मध्ये किंग्स्टनमध्ये घराच्या मागच्या अंगणात ब्लॅक आर्क स्टुडिओ उभा केला आणि तिथलं ते अथांग वाटणारं काम चार ट्रॅकच्या टेप मशिनवर झालंय, जागा संपली की चार ट्रॅक एकत्र उतरवायचे आणि पुढे चालू.

आता अरेंजमेंट लिहू नका. सगळे आठ चॅनेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग दहा मिनिटं वाजत राहतील असे लूप पसरा. कंट्रोलरचे फेडर चॅनेलच्या व्हॉल्यूमला, नॉब डिलेच्या सेंडला, बटणं म्यूटला जोडा. मास्टरचं आउटपुट एका नवीन ट्रॅकवर रेकॉर्डला लावा. सगळे फेडर खाली घ्या, प्ले दाबा आणि वाजवा.

काय वाजवायचं? सुरुवातीला फक्त आजूबाजूचे आवाज आणि तानपुरा, घाई करू नका, मिनिटभर तरी तसंच राहू द्या. मग बास. ड्रम आले की त्यांच्याशी खेळ सुरू. रिमचा एकच फटका पकडा, तो पडायच्या क्षणी सेंडचा नॉब पूर्ण उघडा आणि लगेच बंद करा, म्हणजे तेवढाच फटका इकोत गेला. हे जमलं की पुढचं: फटका इकोत फेकल्या फेकल्या सगळे ड्रम म्यूट करा. आता ताल नाही, फक्त तालाची सावली आहे, आणि खालून बास चालूच. चार बार थांबा. अजून थांबा. ऐकणाऱ्याला वाटतं आता आले, आता आले, आणि मग तुम्ही किक न आणता फक्त हॅट आणता.

इको घुमत असताना डिलेचा टाइम नॉब फिरवला की टेप स्टाइलच्या डिलेत सूर वर-खाली घसरतो, हे एका ट्रॅकमध्ये एकदाच करा, दुसऱ्यांदा ते ट्रिक वाटतं. हाय-पास फिल्टर ड्रमवर लावून ठेवा आणि तो हळूहळू वर न्या, खालचं सगळं वजन निघून जातं, मग एका झटक्यात परत खाली. टबीच्या मिक्सरवर असाच एक मोठा नॉब होता आणि त्याच्या कितीतरी मिक्समध्ये तो ऐकू येतो.

एक बारीक पण फार कामाची गोष्ट: तानपुरा आणि कॉर्ड यांचे रिव्हर्बचे सेंड प्री-फेडर करा. मग फेडर खाली घेतलात की मूळ आवाज जातो पण त्याचा रिव्हर्ब राहतो, जणू वाद्य दुसऱ्या खोलीत गेलं. इथं म्यूट वापरू नका, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये म्यूट केलं की प्री-फेडर सेंडही बंद पडतो, फेडरच खाली ओढा.

पहिला टेक फुकट जाईल असं समजूनच वाजवा, एका ट्रॅकचे चार-पाच तरी टेक घ्या, प्रत्येक वेगळ्या दिवशी घेतलात तर अजून बरं. नंतर ऐकताना स्क्रीनकडे बघू नका. जो टेक तुम्हाला शेवटपर्यंत बसवून ठेवतो तो घ्या, त्यात एखादा म्यूट उशिरा पडला असेल तरी तो ऑटोमेशननं दुरुस्त करत बसू नका. उरलेले टेक डिलीट करू नका, तेच पुढं व्हर्जन म्हणून कामी येतात, जमैकात सिंगलच्या मागच्या बाजूला असंच तर व्हर्जन निघायचं.

ट्रॅकचा अल्बम कसा होतो

सहा-सात ट्रॅक, एकूण ४० ते ४५ मिनिटं पुरे. कधी व्हाइनिल, म्हणजे तबकडी, काढायची इच्छा असेल तर एका बाजूला २२ मिनिटांच्या पुढं जाऊ नका, त्याच्या पुढं आवाज दबतो आणि बास आधी मरतो. षड्ज सगळीकडे एकच ठेवायचा का? दोन ट्रॅक एकाच षड्जावर, मग एकदा पंचमावर जा आणि परत या, असं केलं की अल्बमला चाल मिळते आणि क्रॉसफेड करताना तानपुरे भांडत नाहीत. एका ट्रॅकच्या शेवटचा इको पुढच्याच्या पावसात मुरू द्या. आणि एक ट्रॅक तरी बिनतालाचा ठेवा, माझ्या मते चौथा किंवा पाचवा, जिथं कान थकायला लागलेला असतो.

मास्टरिंग

थोडक्यात सांगतो. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करा. ट्रू पीक -१ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. स्पॉटिफाय सगळं साधारण -१४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, त्यामुळं आवाज मोठा करण्यासाठी दाबून काढण्यात काही अर्थ नाही, या संगीताला -१६ किंवा -१८ सुद्धा शोभतं. २४ बिट वेव्ह फाइल काढा. मग अगदी हळू आवाजात, स्वयंपाकघरात काहीतरी काम करताना ऐका, बास आणि रिम तरीही कळत असतील तर मिक्स बरोबर आहे.

रिलीज

या प्रकारच्या संगीताचा श्रोता बँडकँपवर जास्त सापडतो, आणि पैशाचा हिशोबही तिकडेच बरा. बँडकँप डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, शिवाय पेमेंटचा खर्च वेगळा. पैसे पेपालमधून येतात, भारतातल्या पेपालवर आता फक्त परदेशातून आलेले पैसे घेता येतात, त्यासाठी पॅन, बँक खातं आणि पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा) भरून ठेवावा लागतो, हे रिलीजच्या आधीच उरका. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, ट्रॅक दोन मिनिटांचा असो की नऊ, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला पैसेच मिळत नाहीत. तरीही तिथं टाका, लोकांना सापडायला हवं, पण त्या हिशोबानं नऊ मिनिटांचे ट्रॅक कापून तीन मिनिटांचे करू नका. बँडकँपवर पूर्ण अल्बम एकसलग फाइल म्हणूनही द्या, अशा संगीताचे लोक तेच डाउनलोड करतात.

चाली तुमच्या स्वतःच्या असतील तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्या, मुंबईची ही संस्था १९६९ पासून संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करते. आणि प्रत्येक ट्रॅकचे आठही चॅनेल वेगवेगळ्या वेव्ह फाइल म्हणून काढून दोन ठिकाणी ठेवा, कुणी रिमिक्स मागितला तर तेच द्यायचे असतात, आणि दोन वर्षांनी सॉफ्टवेअर बदललं की जुना प्रोजेक्ट बहुतेक उघडत नाही.